भाच्याचे दोनशे मुंबईत कुठे गेले? टेनपिन बॉलिंगचा सीझन समजून घेताना

प्रश्न थोडक्यात असा. हर्णैच्या एका ताईंचा भाचा तिथल्याच एका रिसॉर्टमधल्या दोन लेनवर टेनपिन बॉलिंग, म्हणजे लेनवरून जड बॉल सोडून टोकाच्या दहा पिन पाडायचा खेळ, खेळतो आणि एका गेमला दोनशे गुणांच्या खाली क्वचित येतो. मुंबईत एका खुल्या स्पर्धेत तो आठ गेम खेळला आणि सरासरी आली १५८. अमेरिकेतली व्यावसायिक टूर तो मोबाइलवर नेमाने बघतो. तिथेही एका आठवड्याचा विजेता पुढच्या आठवड्यात कुठल्या कुठे फेकला जातो, हे त्याने पाहिलंय. असं का होतं, ही माणसं अख्खा सीझन कसा निभावतात, आणि पोरगा महागडा बॉल मागतोय तो घेऊन द्यावा का, असं ताईंनी विचारलंय.

ताई, तुमच्या भाच्याचा खेळ एका दिवसात बिघडलेला नाही. हर्णैला तो जसा खेळतो तसाच मुंबईत खेळला, आणि म्हणूनच १५८ झाले. लेन बदलली, त्याने खेळ बदलला नाही. टूरवरचा सगळा सीझन याच एका गोष्टीवर उभा असतो. लेनवरचं तेल दर आठवड्याला वेगळं असतं, दर गेमला थोडं सरकतं, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. बॉल कसा जातोय यावरून ते ओळखायचं. बॉलचा वेग, फिरकी, साहित्य हे सगळं त्याच्यानंतर येतं.

मी रत्नागिरीकडचा. आखातातल्या एका बॉलिंग सेंटरवर लेन मेकॅनिक म्हणून लागलो, तिथेच खेळायला आणि शिकवायला शिकलो, पुढे बरीच वर्षं मुंबईत मुलांना कोचिंग दिलं. आता गुहागरला असतो. लेनला ऑइल मारणारा आणि त्या ऑइलवर मुलांना खेळवणारा, अशा दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत, म्हणून तेलापासूनच सुरुवात करतो.

लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच आणि त्या रुंदीत ३९ पट्ट्या, त्यांना आपण बोर्ड म्हणतो. आता बहुतेक ठिकाणी लाकडाऐवजी सिंथेटिक लेन आहेत, पण बोर्ड मोजायची पद्धत तीच राहिली. त्यावर मशीनने तेलाचा अगदी पातळ थर देतात. एका लेनला पंचवीस-तीस मिलीलिटर, म्हणजे दोनेक मोठे चमचे. हा थर पिनपर्यंत नेत नाहीत. कुठे ३२-३३ फुटांवर संपवतात, कुठे ४५ फुटांच्या पुढे. तेल आहे तोवर बॉल घसरत जातो, तेल संपलं की कोरड्यावर पकड घेतो आणि वळतो. त्या वळण्याला हुक म्हणतात.

मॉलमधल्या सेंटरवर रोजच्या गिऱ्हाइकांसाठी जे ऑइल मारतात तो हाउस शॉट. त्यात मधल्या बोर्डांवर तेल भरपूर, कडेला फार कमी. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल हातून थोडा बाहेर सुटला तर कडेच्या कोरड्यावर पकडून परत आत येतो. थोडा आत पडला तर मधल्या तेलावर सरळ धरून राहतो. म्हणजे तीन-चार बोर्डांची चूक लेनच सावरून घेते. स्पर्धेसाठी तेलाची जी मांडणी, म्हणजे पॅटर्न, मारतात तो स्पोर्ट पॅटर्न. त्यात मधल्या आणि कडेच्या तेलातला हा फरक फार कमी ठेवतात. तिथे बॉल बाहेर गेला तर बाहेरच राहतो आणि आत पडला तर पहिल्या पिनच्या नाकावर आदळून स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून लांब उरलेल्या पिन, उभी करतो. चूक तेवढीच असते, शिक्षा मात्र दुप्पट होते.

रिसॉर्टच्या लेनचं आणखी एक असतं. तिथे रोज ऑइल पडत नाही, कधी कधी कित्येक दिवस पडत नाही. दोनच लेन, तोच पृष्ठभाग, कोरडं कुठे आणि घसरतं कुठे हे पोराच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून तिथले दोनशे खोटे नाहीत, पण ते त्या दोन लेनचे आहेत. तिथल्या पिनांना वरून दोरी आहे का तेही बघा. नव्या छोट्या सेंटरवर बहुतेक दोरीच्याच पिन येतात, कारण मशीन स्वस्त पडतं आणि मेकॅनिक रोज लागत नाही. दोरीच्या पिनची पडण्याची तऱ्हा वेगळी असते, आडवी होऊन लेनभर लोळत जाणारी पिन तिथे तशी मोकळी सुटत नाही. अमेरिकेत बॉलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसी या संस्थेने २०२३ मध्ये दोरीच्या पिनांना मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून. तेव्हा हर्णैचा स्कोअर आणि मुंबईचा स्कोअर शेजारी ठेवून पोराला बोल लावू नका.

आता टूरकडे. पीबीए, म्हणजे प्रोफेशनल बोलर्स असोसिएशन, १९५८ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरातले वकील एडी इलायस यांनी उभी केली. तिच्या ऑइल पॅटर्नना प्राण्यांची नावं आहेत: चीता, व्हायपर, कॅमेलियन, स्कॉर्पियन, शार्क, बेअर. २००९ मध्ये डेट्रॉइटजवळच्या अ‍ॅलन पार्कमध्ये वर्ल्ड सीरिज ऑफ बॉलिंग सुरू झाली, तिथे एकाच सेंटरवर या वेगवेगळ्या पॅटर्नवर पाठोपाठ स्पर्धा घेतात. चीता आखूड. तेल लवकर संपतं, बॉलला वळायला भरपूर कोरडं मिळतं, म्हणून गटरला, म्हणजे लेनच्या कडेच्या खोबणीला, जवळजवळ चिकटून सरळ खेळावं लागतं. शार्क लांब. तिथे कडेला गेलेला बॉल परत येतच नाही, म्हणून लेनच्या आतल्या भागातून खेळायचं. जो खेळाडू कडेने सरळ टाकण्यात पटाईत, तो चीतावर पहिल्या पाचात असेल आणि शार्कवर कटच्या, म्हणजे पुढच्या फेरीत जाणाऱ्यांच्या यादीच्या, बाहेर. तुमच्या भाच्याने जे पाहिलं त्याचं मुख्य कारण हे. दोन आठवड्यांत कोणी खेळ विसरत नाही.

कुठून खेळायचं याचा एक ठोकताळा टूरवरचे लोकही वापरतात. पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करायचे. पॅटर्न ४० फुटांचा असेल तर उत्तर ९, म्हणजे बॉल वळायला लागतो त्या जागी तो उजव्या कडेपासून नवव्या बोर्डाच्या आसपास असावा. ३५ फुटांचा असेल तर चौथा बोर्ड, अगदी गटरच्या काठाला. हा सुरुवातीचा अंदाज आहे, पहिल्या दोन फ्रेमपुरता (एका गेमला दहा फ्रेम, दर फ्रेमला दहा पिन पाडायला दोन बॉल). स्पर्धेत पॅटर्नचा कागद बहुधा आधीच लावलेला असतो. भाच्याला विचारा, मुंबईत त्याने तो वाचला होता का. बहुतेक पोरं वाचत नाहीत.

पण कागदावरचं तेल पहिल्या अर्ध्या तासापुरतं. व्यावसायिक स्पर्धेत एका बैठकीला अनेकदा आठ गेम होतात, त्याला ब्लॉक म्हणतात. एका लेनवर तीन-चार खेळाडू. प्रत्येक बॉल जिथून जातो तिथलं तेल थोडं उचलून नेतो. रेझिनचे बॉल ते शोषून घेतात, युरेथेनचे शोषत नाहीत, ते पुढे कोरड्या भागात पसरवतात. दुसऱ्या गेमपर्यंत उजव्या हाताच्या खेळाडूंची वाट झिजलेली असते, चौथ्या गेमला तीच वाट जळलेली, म्हणजे पार कोरडी असते. हर्णैच्या बंदरात कुणाही तांडेलाला विचारा, खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी काल होती तिथे आज असेल असं धरून तो बोट आत घालत नाही, पाण्याचा रंग आणि लाटेची फूट बघून दर खेपेला वाट ठरवतो. लेनवर तेच करायचं असतं, दर फ्रेमला.

कसं ओळखायचं ते सांगतो, कारण हीच गोष्ट मोबाइलवर बघून कळत नाही. बॉल परत आला की तो पुसायच्या आधी हातात फिरवून बघा. त्यावर तेलाची बारीक वर्तुळं उमटलेली असतात, एकमेकांशेजारी, किंचित सरकत गेलेली. पहिल्या गेमला ती ओली आणि स्पष्ट दिसतात. पाचव्या गेमला तीच वर्तुळं फिकी दिसली, पुसल्यावर टॉवेलला काही लागलं नाही, तर तुमच्या वाटेवरचं पुढचं तेल संपत आलंय. मुंबईत शिकवताना मी मुलांना बॉल पुसायची घाई करू देत नसे. आधी बघा, मग पुसा.

दुसरी खूण दहाव्या पिनची, म्हणजे मागच्या ओळीत उजव्या टोकाला असते तिची. उजव्या हाताच्या खेळाडूने बॉल पॉकेटात, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मध्ये घातला तरी कोपऱ्यातली दहावी पिन उभी राहते आणि माणूस नशिबाला दोष देतो. पण बॉल स्वतः फक्त चारच पिनांना लागतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. बाकीच्या सहा पिन पिनांनीच पाडायच्या असतात. दहावीला पाडायचं काम सहावीचं. तेव्हा दहावी उभी राहिली की सहावी कुठे गेली ते बघायचं. सहावी वर उडून दहावीच्या मानेसमोरून वळसा घालून गेली असेल तर बॉलला जोर होता, कोन जरा जास्त झाला. सहावी गटरमध्ये मुकाट पडून राहिली असेल तर बॉल पोचेपर्यंत दमला होता. पहिल्या वेळी पायांनी एखादा बोर्ड सरकायचं किंवा वेगात थोडा फरक करायचा. दुसऱ्या वेळी वाट बदलायची, नाहीतर बॉल. दोन्ही वेळा पडद्यावर नऊच दिसतात, पण करायचं वेगळं असतं. टूरवरचा खेळाडू हे एका नजरेत टिपतो आणि पुढचा बॉल टाकायच्या आधीच त्याचे पाय दुसरीकडे लागलेले असतात. साधी सवय अशी: बॉल लवकर वळू लागला की पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. पुन्हा वळला, पुन्हा तेवढंच. आठव्या गेमला काही जण सुरुवातीच्या जागेपासून दहा-पंधरा बोर्ड आत उभे असतात.

आता स्पेअर, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिन दुसऱ्या बॉलवर पाडणं. माझ्या मते सीझन इथे ठरतो आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. हिशोब करून बघा. दहाही फ्रेमला पहिल्या बॉलवर नऊ पिन पाडल्या, दुसऱ्या बॉलवर उरलेली एक पाडली, आणि शेवटच्या जादा बॉलवरही नऊच, तर गेम होतो १९० चा. एकही स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलवर दहाही पिन, नाही आणि १९०. त्यात एक स्पेअर सुटला तर दहा पिन जातात: उभी राहिलेली एक आणि स्पेअरला बोनस म्हणून मिळणाऱ्या पुढच्या बॉलच्या नऊ. आठ गेमच्या ब्लॉकमध्ये गेममागे तीन सोपे स्पेअर सुटले तर दोनशे चाळीस पिन गेल्या. टूरवर कटच्या आत आणि कटच्या बाहेर यांत पुष्कळदा पाच-दहा पिनांचाच फरक असतो. भाच्याची स्कोअरशीट असेल तर काढा आणि ओपन फ्रेम, म्हणजे दोन्ही बॉलनंतरही पिन उरलेल्या फ्रेम, मोजा. १५८ च्या सरासरीत गेममागे तीन-चार ओपन सापडतील असं मला वाटतं. त्यातले एकट्या पिनचे किती आणि स्प्लिटचे किती हे वेगळं मोजा. स्प्लिटचं दुःख करू नका. एकट्या पिनचे सुटलेले स्पेअर मात्र त्याच्याच हातात होते.

वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअर यांचे पीबीए टूरवर ४७ किताब आहेत, सगळ्यांत जास्त. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: सलग १७ सीझन त्यांनी दर सीझनला किमान एक किताब जिंकला. त्या काळात बॉल बदलले, लेन बदलल्या, तेल बदललं. हा माणूस घोड्याचे नाल फेकायच्या खेळातही जगज्जेता आहे, म्हणजे नेम ही त्याची मुळातली विद्या. अर्ल अँथनी डावखुरे होते, ४३ किताब, आणि १९७५ मध्ये एका सीझनला एक लाख डॉलरच्या वर कमाई करणारे पहिले बोलर. त्यांचे जुने सामने बघितले तर डोळ्यांत भरतो तो कंटाळवाणा वाटावा इतका सारखेपणा. तीच पावलं, तोच वेग, तोच शेवट. मार्क रॉथ यांनी १९७८ च्या एका सीझनमध्ये आठ किताब जिंकले, तो उच्चांक अजून उभा आहे. त्यांनीच १९८० मध्ये सात-दहाची स्प्लिट, म्हणजे मागच्या ओळीच्या दोन टोकांना उरलेल्या दोन पिन, पहिल्यांदा टीव्हीवर पाडली. पोरं ती स्प्लिट शंभर वेळा बघतात, पण कोपऱ्यातली एकटी दहावी पाडायचा सराव कुणी करत नाही.

स्पेअरची पद्धत अवघड नाही. प्लॅस्टिकचा बॉल घ्यायचा, जो तेल असो-नसो सरळच जातो, आणि लेन तिरकी ओलांडून मारायचा. उजवीकडची पिन असेल तर डावीकडे उभं राहायचं, डावीकडची असेल तर उजवीकडे. स्ट्राइकच्या जागेपासून तीन, सहा, नऊ बोर्ड सरकायचा जुना हिशोब आहे: चौथी पिन उरली तर सहा उजवीकडे, सातवी उरली तर नऊ. नजर त्याच खुणेवर ठेवायची. टूरवर प्रचंड फिरकी देणारे खेळाडूही दहावी पिन मारताना प्लॅस्टिकचाच बॉल उचलतात, हे भाच्याला मुद्दाम दाखवा.

सीझनचा आराखडा त्याला ठाऊक असेल, तरी तुमच्यासाठी सांगतो. पीबीएचा मुख्य हंगाम साधारण जानेवारीत सुरू होऊन मेपर्यंत चालतो. त्यात पाच मोठ्या स्पर्धा, ज्यांना मेजर म्हणतात: टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स, प्लेयर्स चॅम्पियनशिप, वर्ल्ड चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि यूएसबीसी मास्टर्स. पैकी यूएस ओपनचं तेल सर्वांत निर्दय, सपाट आणि माफी न देणारं. महिलांची पीडब्ल्यूबीए टूर २००३ मध्ये बंद पडली होती, ती २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि मुख्यतः अमेरिकेतल्या उन्हाळ्यात चालते. स्पर्धेत आधी दिवसच्या दिवस पात्रता फेऱ्या, मग कट, मग बहुतेक वेळा पाच जणांची स्टेपलॅडर. पाचवा आणि चौथा खेळतात, जिंकणारा तिसऱ्याशी, मग दुसऱ्याशी, आणि शेवटी पहिल्याशी, प्रत्येक वेळी एकच गेम. आठवडाभर सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस एका गेममध्ये हरू शकतो. हे अन्यायाचं वाटतं खरं. पण पहिल्या क्रमांकाला एकच सामना जिंकायचा असतो आणि पाचव्याला चार, म्हणून पात्रता फेरीतल्या एकेका पिनला किंमत असते.

पैशाचं चित्र असं की वरच्यांना बरं मिळतं, मधल्यांना कष्टाचं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या काइल ट्रूपने प्लेयर्स चॅम्पियनशिपचे अडीच लाख डॉलर मिळवले आणि त्या सीझनची त्याची कमाई जवळपास पाच लाखांवर गेली. पण मधल्या फळीतले खेळाडू स्वतःच्या गाडीत बॉल भरून गावोगाव फिरतात. प्रवेश फी, हॉटेल, पेट्रोल खिशातून जातं आणि सोबत कुणी प्रो-शॉप, म्हणजे बॉल विकायचं आणि ड्रिल करायचं दुकान, चालवतो, कुणी शिकवतो. त्या पाच महिन्यांत मनगट, गुडघा, अंगठ्याची कातडी यांतलं काहीतरी दुखतंच. आठवड्याला पन्नासेक गेम चौदा-पंधरा पौंडांच्या बॉलने खेळायचे म्हणजे अंगमेहनत आहे.

भाचा दोन हातांनी टाकत असेल, तर त्याला थांबवू नका. ऑस्ट्रेलियाच्या ऑरेंज गावचा जेसन बेल्मॉन्टे तसाच टाकतो आणि त्याच्या नावावर १५ मेजर आहेत. पाचही मेजर जिंकणारे दोघेच, माइक ऑल्बी आणि तो. त्याच्या आधी फिनलंडचा ओस्कू पालेर्मा दोन हातांनी टूरवर खेळत होता, तेव्हा लोक नाकं मुरडायचे. पण एका हाताचा खेळ संपला असंही नाही. ई. जे. टॅकेट एका हातानेच टाकतो आणि २०२३ मध्ये त्याने यूएस ओपन आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप या दोन्ही मेजर जिंकल्या. या दोघांचे सामने बघताना भाच्याला सांगा की स्ट्राइक पडतानाचा क्षण सोडून दे. सामन्याच्या मध्यात ते कुठल्या बोर्डवर उभे आहेत ते लिहून ठेव. सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा यांतलं अंतर बघितलं की त्याला १५८ चं उत्तर आपोआप सापडेल.

आपल्याकडे असा सलग व्यावसायिक दौरा नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. टेनपिन बॉलिंगची राष्ट्रीय फेडरेशन आहे, राज्य संघटना आहेत, राष्ट्रीय स्पर्धा होते, आणि बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, दिल्लीकडच्या सेंटरवर खुल्या स्पर्धा होतात. तामिळनाडूचा शब्बीर धनकोट अनेकदा राष्ट्रीय विजेता झाला आहे, त्याचा संथपणा शिकण्यासारखा आहे. आशियाई खेळांत बॉलिंग पहिल्यांदा १९७८ ला बँकॉकमध्ये आलं, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनी खेळ म्हणून खेळलं गेलं, पण ऑलिंपिकमध्ये कायमची जागा मिळाली नाही. त्यामुळे नोकरी, अनुदान, शिष्यवृत्ती यांच्या आशेवर पोराला यात ढकलू नका. शिक्षण सोडून तर अजिबात नको.

तरीही कोकणात राहून स्वतःचा छोटा सीझन आखता येतो. वर्षाला तीन-चार स्पर्धा ठरवा, जास्त नकोत. प्रत्येक स्पर्धेआधी खेडहून गाडी पकडून मुंबईत दोन दिवस आधी पोचायचं, आणि शक्य असेल तर त्याच सेंटरवर सराव. सेंटरच्या मेकॅनिकशी बोलायला सांगा. ऑइल कधी मारलं, मशीन कधी साफ केलं, कुठल्या लेनजोडीवर बॉल जास्त वळतो, हे त्याला माहीत असतं आणि कुणी नीट विचारलं तर तो सांगतो. माझ्या मेकॅनिकच्या दिवसांत विचारायला येणारे फार थोडे असत, आणि निकालाच्या यादीत वर दिसायचे ते तेच.

उरलेला सराव घरी होतो. पडवीत किंवा अंगणात जाड गोणपाटाची गादी घालून, एका गुडघ्यावर बसून हात झोपाळ्यासारखा न हिसकता सोडायचा. आधी रिकाम्या हाताने, मग हलकं वजन घेऊन. रोज पंधरा मिनिटं. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून शेवटचं पाऊल घसरवायचं आणि घसरल्यावर तोल धरून उभं राहायचं. हे कंटाळवाणं आहे, पण सुटण्याची जागा एकसारखी झाली नाही तर तेल वाचून काही उपयोग नाही. चूक लेनची होती की हाताची हेच कळणार नाही. आणि रिसॉर्टच्या लेनवर जाईल तेव्हा स्ट्राइकचा नाद सोडून फक्त दहावी आणि सातवी पिन आलटून पालटून मारायला लावा.

आपल्या हवेचं भान ठेवायला हवं. पावसाळ्यात दमट हवेने अ‍ॅप्रोच, म्हणजे आपण धावत येतो ती जागा, चिकट होते. बूट घसरायच्या ऐवजी अडकतो आणि माणूस फाउल लाइनवर तोंडावर पडू शकतो. भाड्याच्या बुटांवर स्पर्धा खेळू नये. तळवा बदलता येणारे बूट मिळतात, ओल्या हवेत जास्त घसरणारा तळवा लावायचा. पाणी सांडलेल्या जागेवर पाय पडला तर खेळ थांबवून तळवा पूर्ण कोरडा करायचा, लाज वाटून घ्यायची नाही.

बॉलचं आता. महागडा, जोरात वळणारा बॉल आत्ता नको. त्याने हुक वाढेल आणि चूकही तेवढीच वाढेल. आधी एक प्लॅस्टिकचा बॉल त्याच्या हाताच्या मापाने ड्रिल करून घ्या, चौदा पौंडांचा किंवा त्याला झेपेल तो. सेंटरवरच्या सामायिक बॉलमध्ये अंगठा सैल असतो, म्हणून पोरं तो मुठीत आवळून धरतात आणि सुटताना हात वाकडा होतो. मापाचा बॉल हातात आला की हे अर्धं जातं. सहा महिन्यांनी गेममागे एकापेक्षा जास्त एकट्या पिनचे स्पेअर सुटत नसतील, तर मग मध्यम वळणारा एक रेझिनचा बॉल घ्या. जुना घेत असाल तर बोटांच्या भोकांखेरीज बाजूला चौथं भोक आहे का ते बघा. वजन तोलायला पूर्वी तसं भोक पाडत, पण ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या नियमांत ते चालत नाही, पकडीसाठी न वापरलेलं भोक बुजवूनच घ्यावं लागतं. बुजवायचा खर्च धरून किंमत ठरवा. मापं द्यायला भाच्याला स्वतः न्या, आणि हर्णैहून एसटीत घामाघूम होऊन पोचल्या पोचल्या देऊ नका. गरमीत अंगठा फुगतो, तेव्हा घेतलेलं माप थंडीत सैल होतं. तासभर बसू द्या, मग माप द्या. अंगठ्याचं भोक किंचित मोठं ठेवायला सांगा आणि आत टेपच्या दोन-तीन पट्ट्या लावून घ्या. मे महिन्यात एक पट्टी काढायची, जानेवारीत एक जास्त लावायची.